गुंडूचा एकच आकडा

गुंडूला मोबाइलवर छपराचा फोटो दाखवून दर विचारला, तर तो फोटोकडं ढुंकूनही बघायचा नाही. विचारणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचा आणि म्हणायचा, "फोटोवर पाऊस पडनार हाय व्हय, पावणं? घर कुठं हाय त्ये सांगा."

अर्धी गिऱ्हाइकं तिथंच उठून जायची आणि मी गल्ल्यावर बसून कपाळावर हात मारून घ्यायचो. कारण दुकान माझं. कसबा बावड्यात पत्रे, पाइप, अँगल विकतोय मी, तीस वर्षं झाली. गुंडू छपराची कामं घेणारा. रोज सकाळी गडमुडशिंगीहून यायचा, माझ्या बाकड्यावर बसायचा, माझा चहा प्यायचा आणि माझंच गिऱ्हाईक हाकलायचा. मी ओरडायचो, "अरे मर्दा, फुटाचा दर सांगून मोकळा हो की! सगळं जग सांगतंय." तर म्हणायचा, "शेठ, छप्पर म्हंजे काय कापड हाय व्हय, फुटावर फाडून द्याला?"

त्याची रीत ठरलेली. आधी घर बघायला जायचं. चपला काढून छपरावर चढायचं, कौलांवर पोटावर आडवं पडून एका डोळ्यानं छपराचं उतरतं पाखं बघायचं, कुठं पोटात गेलंय, कुठं फुगलंय. मग खाली माळ्यावर शिरायचं. खिशात गोणी शिवायचं दाभण असायचं, ते प्रत्येक वाशात, आढ्यात, म्हणजे वासे ज्यावर टेकतात त्या माथ्याच्या तुळईत, टोचून बघायचं. आत किती गेलं, त्यावरून लाकूड कळतं म्हणे. मग खाली उतरून हातपाय धुवायचे, मनातल्या मनात बेरीज करायची आणि एकच आकडा सांगायचा. दोन लाख दहा. संपलं. माल किती, मजुरी किती, वाहतूक किती, काही नाही. कुणी म्हणालंच, "जरा कमी-जास्त करा की," तर विचारायचा, "काय कमी करू सांगा. एक वासा कमी टाकू, का भिंतीची एक बाजू उघडी ठेवू?"

एकदा आकडा तोंडातून गेला की खाली नाही आणि वर पण नाही. वडणग्याच्या एका पोल्ट्रीची शेड घेतली होती त्यानं. काम सुरू व्हायच्या आत लोखंड किलोला नऊ रुपयांनी चढलं. मी म्हटलं, "जा, मालकाला सांग, तो काय खुळा नाही, समजून घेईल." गेला नाही. म्हणाला, "लोखंडाचा भाव मी त्येला विचारून चढीवला न्हाय." दोन महिने फुकट राबला. कोंबड्या मात्र सुखात राहिल्या.

मी त्याच्या नावाचं कोटेशनचं पॅड छापून आणलं होतं, माझ्या पैशानं. वर गुंडूचं नाव, खाली रकाने. साहेब रकाने सगळे कोरे ठेवायला लावायचे आणि तळाला एकच आकडा लिहायला सांगायचे. लिहायचो मीच, त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. "रकानं भरलं की मानूस एकेका रकान्यात संशय घेत बसतंय," असं त्याचं म्हणणं. हा हट्ट मी तीस वर्षं सहन केला. हसत हसत सहन केला, हे आता आठवलं की माझा मलाच राग येतो.

गुंडूला एकच लेक, निशिगंधा. पाच वर्षांमागं तिला गगनबावड्याला दिली. जावई यशराज तिथल्या दूध संस्थेत कामाला, सरळ पोरगा, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. आई म्हणजे चिमणाबाई. नवरा लवकर गेला, हिनं एकटीनं जनावरं सांभाळून पोरगा वाढवला आणि घर राखलं. बाई वाईट नाही, हे मी आधीच सांगतो. पण आयुष्यभर लोकांनी फसवायचा प्रयत्न केलेली बाई. तिला समोरचा प्रत्येक माणूस आपल्याला लुबाडायलाच आलाय असं वाटायचं, आणि त्यात तिची चूक कमीच.

घर जुनं, कौलारू. पुढं सोपा, मधली खोली, मागं स्वयंपाकघर. स्वयंपाकघर नंतर बांधलेलं, त्याला तेवढी स्लॅब. मधल्या खोलीत यशराज आणि निशिगंधा झोपायची. गगनबावड्याचा पाऊस म्हणजे काय सांगायला नको, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. त्या खोलीत बादल्या मांडून बसायची पाळी आली, तेव्हा चिमणाबाई म्हणाली, "व्याही छपराची कामं करत्यात आनी आमी बादल्या मांडतोय. बलवा त्यास्नी."

तीन वर्षांमागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं माझ्या पिकअपमधून गेलो. गुंडू नेहमीसारखा वर चढला, आडवा पडला, खाली उतरून माळ्यावर शिरला. मी शिडीवर उभा राहून बॅटरी धरली. आढं बाहेरून चांगलं काळंभोर, तेलपाणी केलेलं. गुंडूनं दाभण टोचलं आणि ते मुठीपर्यंत आत गेलं. उकडलेल्या बटाट्यात जावं तसं. हातभर पुढं टोचलं, तिथंही तेच. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाळवीनं आतून सगळं खाल्लं होतं, वरचं साल तेवढं ठेवलं होतं.

खाली आला तो तोंड उतरवूनच. चिमणाबाईनं चहा टाकला होता, पण लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्याच्या घरातली जुनी चाल. त्यानं गाडीतल्या बाटलीतलं पाणी प्यायलं आणि "आकडा कळवतो" म्हणून निघाला. निशिगंधा दारापर्यंत आली. "आप्पा, लई खराब हाय का?" "बघू की गं," म्हणाला.

परतीच्या वाटेवर कळे गाव मागं पडलं. मग म्हणाला, "सगळं उतराय लागतंय, शेठ. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा, आढ्याच्या जागी लोखंडी तिकोनी कैच्या, आनी तिथल्या वाऱ्याला जाड पत्रा. तीन लाख धा हजार."

मी मनातल्या मनात हिशेब केला. माल, गाडीभाडं, हाताखालची दोन माणसं. बेरीज तिथंच संपली. "अरे, आणि तुझी मजुरी?"

"लेकीच्या घरची मजुरी घेऊ व्हय?"

"मग मी पण माल खरेदीच्या भावानं देतो. दोन लाख नव्वद कर. पण एक ऐक, कोटेशनवर मी स्वच्छ लिहिणार, मजुरी शून्य."

दुसऱ्या दिवशी दुकानात मी पॅड काढलं, तर त्यानं माझा हात धरला. म्हणाला, "तसं लिवू नगा. फुकट केलं म्हनून कळलं की विहीनबाई जलमभर निशीला आयकवनार. तुज्या बाच्या उपकाराखाली ऱ्हातोय म्हनून. न्हायतर त्यास्नीच कमीपना वाटायचा, ताठ बाई हाय ती. कशाला? आकडा लिवा, मी सही करतो."

मी शिव्या घातल्या. म्हटलं, गाढवा, चांगलं करतोयस ते तरी दिसू दे! पण तो ऐकेना, आणि मी शेवटी तळाला दोन लाख नव्वद हजार लिहिलं. वरचे रकाने कोरे. त्या दिवशी त्याचं ऐकायला नको होतं. नाहीच ऐकायला हवं होतं.

आठव्या दिवशी चिमणाबाईचा फोन आला. गुंडू बाकड्यावरच होता, आणि ऐकायला कमी येतं म्हणून फोन कायम मोठ्या आवाजावर. सगळ्या दुकानानं ऐकलं. तिकडच्याच एका फॅब्रिकेशनवाल्यानं फोटो बघून दर दिला होता. एक लाख पस्तीस हजार.

"एक लाख पस्तीस, व्याही! तुमी दुपटीच्या वर? लेकीच्या घरात दुकान मांडलंसा व्हय?"

मी हातवारे करून सांगतोय, मजुरीचं बोल, मजुरीचं बोल. हा हातानंच मला नको म्हणतोय. शेवटी मी फोन हिसकावून घेतला आणि म्हटलं, "बाई, ह्यात त्यानं मजुरी एक रुपया लावलेली नाही. मी पण नफा घेतलेला नाही."

तिकडून ती हसली. म्हणाली, "आता सापडल्यावर सांगतासा व्हय, शेठ? कागदावर का न्हाय लिवलं?"

तिच्या जागी मी असतो तरी हेच विचारलं असतं.

काम त्या फॅब्रिकेशनवाल्यानं केलं. कौलं उतरवली, त्याच जुन्या आढ्यावर पाइप टाकले आणि वर लाल पत्रा मारला. आढ्याला ऑइलपेंट. बारा दिवसांत घर नवीन नवरीसारखं. निशिगंधानं फोनवर सहज सांगितलं, आढं तेच ठेवलंय म्हणून. दुसऱ्या दिवशी गुंडूनं दोन लोखंडी खांब माझ्या पिकअपमध्ये टाकले आणि म्हणाला, निदान टेकू तरी देऊन येतो. मी बरोबर गेलो.

आणि नेमका त्या दिवशी तिथं नव्या छपराचा सत्यनारायण. सोप्यात भावकी बसलेली, मधल्या खोलीत पूजा मांडलेली. शहाण्या माणसानं प्रसाद घेतला असता, जावयाला बाजूला घेऊन सांगितलं असतं. आमचा शहाणा उंबऱ्यावर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ह्ये आढं बसनार हाय. ह्या खोलीत कुनी झोपू नगा."

भटजींचा हात जागच्या जागी थांबला. पूजेच्या दिवशी असलं अभद्र बोलतात का हो? मी त्याचा दंड धरला, पण बोलून झालं होतं. चिमणाबाई पूजेजवळून उठली. ओरडली नाही. उंबऱ्याजवळ आली आणि म्हणाली, "काम मिळालं न्हाय म्हनून माज्या घराचं वाईट चिंतून आलासा. बरं. ज्या दिवशी ह्ये छप्पर पडंल, त्या दिवशी तुमच्या लेकीला म्हायेरला धाडीन. तवर न्हाय."

खांब परत आले. अजून माझ्या दुकानामागं गंजत पडलेत.

पहिला पावसाळा आला. गुंडू मोबाइलवर दुसरं काही बघायचा नाही, फक्त गगनबावड्याला किती मिलिमीटर झाला ते बघायचा. निशिगंधाला फोन करायचा आणि इकडचं तिकडचं बोलून विचारायचा, "वारं हाय का गं?" छप्पर पडलं नाही. मी विचारलं, असं कसं रे? म्हणाला, "कौलांचं वजन उतरलं, शेठ. पत्रा हलका. पावसानं न्हाय पडायचं. एकांद्या दिवशी वारं खालनं शिरंल, पत्रा उचलंल, आनी आपटताना आढं संगट आनंल." हे त्यानं असं सांगितलं की जणू कुणा दुसऱ्याच्या घराचं सांगतोय.

दुसऱ्या वर्षी निशिगंधाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची साधी गोष्ट. गुंडूची बायको धोंडुबाई, तिनं जुनी लुगडी फाडून सहा दुपटी शिवली, डिंक आणला, खारीक फोडून ठेवली. यशराजला चार फोन केले. यशराज म्हणाला, "आई न्हाय म्हनती, मामी." मुलगी झाली, राजनंदिनी. आजी-आजोबांनी नातीचं तोंड फोनवर बघितलं, तेही नीट दिसेना, तिथं रेंज पुरती नसते. त्या दिवसापासून धोंडुबाई नवऱ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही.

आणि धंदा? भावकीनं जिल्हाभर वाजवलं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक गुंडूकडं बोट दाखवून मला हळूच विचारायचं, "ह्यो त्योच न्हवं, लेकीलाबी सोडलं न्हाय त्यो?" तीस वर्षं ज्याच्या आकड्यावर लोक डोळे झाकून सही करत होते, त्याचा आकडा आता कुणाला ऐकायचाच नव्हता. गेल्या उन्हाळ्यात त्याला दोन कामं मिळाली. एक गोठा, एक संडासाचं छप्पर. मोबाइलवर दर देणारी कालची पोरं गाड्या घेऊन फिरायला लागली. गुंडू बाकड्यावर बसून त्यांनी केलेल्या कामांच्या चुका मोजायचा. नंतर नंतर तेही सोडलं.

एकदा मी चिडून विचारलं. मला विचारायला नको होतं, पण माझं तोंड असं आहे. म्हटलं, "खरं सांग गुंडू, ते छप्पर पडावं असं वाटतंय का तुला?"

तो म्हणाला, "शेठ, पडलं तर लेक खाली हाय. न्हाय पडलं तर लेक तिकडंच हाय. मी द्येवाफुडं हात जोडून मागू काय, त्ये तरी सांगा." आणि दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना तो ओक्साबोक्शी रडला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मला कुठं बघावं कळेना.

आता माझी चूक सांगतो. सगळ्यांच्या चुका सांगितल्या, आपली झाकून कशी चालेल?

यंदा जूनमध्ये धोंडुबाईला दवाखान्यात ठेवायला लागलं. बारा दिवस. फुप्फुसात पाणी झालं होतं. ती रोज एकच विचारायची, निशी आली का? चिमणाबाईला निरोप गेला. उत्तर आलं, शब्द म्हणजे शब्द. धोंडुबाई वाचली, घरी आली, पण सगळी आत ओढलेली. ते बघून माझं डोकं फिरलं. मी गुंडूला दुकानात उभा केला आणि म्हटलं, "जा आणि सांग, मीच खोटं बोललो. पैशासाठी जादा सांगितलं म्हण. तीन पावसाळे टिकलंय ना? मग तुझाच अंदाज चुकला असेल. तुझ्या आकड्यापायी बायको मारणार आहेस का?"

दाभण मुठीपर्यंत जाताना मी बघितलं होतं. बॅटरी माझ्या हातात होती. तरी बोललो.

तो दुकानातून निघून गेला. दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "गाडी काडा."

चिमणाबाईनं आम्हाला आत घेतलं. गुंडूनं बोलायला तोंड उघडलं, तर तिनं थांबवलं. "त्या दिवशी धाजनांसमोर बोललासा. आज बी धाजनांसमोरच बोला." शेजारपाजार बोलावला. माणसं मधल्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिली. गुंडू बरोबर आढ्याखाली उभा होता. म्हणाला, "आढं बरं हाय. त्येला कायबी झाल्यालं न्हाय. मला पैशाचा लोभ सुटला, म्हनून मी जादा आकडा सांगितला. काम गेलं म्हनून वाईट बोललो. माफी करा." एका दमात बोलला, घरून पाठ करून आणल्यासारखा. वर मात्र एकदाही बघितलं नाही.

आणि चिमणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं हो! म्हणाली, "मानूस चुकतंय, व्याही. कबूल करायला बी काळीज लागतंय." त्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टॉवेल-टोपीचा आहेर केला. नात मांडीवर दिली. दीड वर्षाची पोर, आजोबाला पहिल्यांदा बघत होती, रडून घर डोक्यावर घेतलं. "पंचमीला धाडते की लेकीला, चांगलं चार दिस," चिमणाबाई म्हणाली. निशिगंधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही की रडली नाही. बापाकडं नुसती बघत राहिली.

परत येताना गुंडूच्या डोक्यावर ती नवी टोपी तशीच होती. मी म्हटलं, काढ आता. काढली नाही.

नागपंचमीला निशिगंधा आली. चार दिवस त्या घरात काय चाललं होतं, काय सांगू. धोंडुबाई अंथरुणातून उठून पुरणाची दिंडं करायला बसली. नवऱ्याशी बोलायला लागली. पहिला शब्द काय, तर "गूळ संपलाय." तेवढ्यावर गुंडू उड्या मारत दुकानाला गेला. नात त्याच्या पाठीवरून उतरेना. मी चौथ्या दिवशी पोरीला फ्रॉक घेऊन गेलो, तेव्हा मनात स्वतःलाच म्हटलं, पारस, आयुष्यात एक तरी शहाणपणाचा सल्ला दिलास.

यशराज न्यायला आला होता. गुंडूच्या सोप्यात खुर्चीवर बसून चहा पीत होता. मी शेजारी. धोंडुबाई लेकीची ओटी भरत होती. निशिगंधा पिशवी बांधता बांधता थांबली आणि म्हणाली, "आप्पा, एक इचारू?"

"इचार की."

"तुमी परवा म्हनालासा, आढं बरं हाय. खरंच बरं हाय का?"

यशराजनं कप खाली ठेवला.

"तीन पावसाळं आमी मधल्या खोलीत झोपलो न्हाय," ती म्हणाली. "तुमी पूजेत बोललासा त्या दिवसापास्नं. पोरीला घिऊन सैपाकघरात चुलीजवळ झोपतोय. तितं ओल असती, पोरगी सारखी खोकती. आत्ती हसत्यात, ह्ये चिडत्यात. पन आप्पांनी आकडा सांगितला म्हंजे बघूनच सांगितला असनार, असं माज्या मनात. आता तुमी म्हनाल तसं करायचं. बरं हाय का?"

मी गुंडूकडं बघितलं. धोंडुबाईनं पण बघितलं, हातातले तांदूळ तसेच. यशराज चार हातांवर बसलेला. खरं सांगितलं असतं तर ते संध्याकाळच्या आत चिमणाबाईच्या कानावर गेलं असतं, आणि मग हे दार कायमचं बंद. धोंडुबाईनं लेकीचं तोंड पुन्हा बघितलं नसतं.

गुंडू नातीच्या डोक्यावरून हात फिरवत होता. तो फिरवतच राहिला. म्हणाला, "बरं हाय की गं. खुशाल झोपा."

"बघ! मी म्हनत न्हवतो?" यशराज म्हणाला, आणि हसला. मनापासून हसला पोरगा. निशिगंधाचा चेहरा मोकळा झाला. तिनं बापाला वाकून नमस्कार केला, मलाही केला. मोटरसायकलवर पोरीला मध्ये घेऊन ती बसली. मला सगळं ठाऊक होतं. आकडा मीच लिहिला होता, बॅटरी मीच धरली होती. मी एवढंच म्हणालो, "यशराज, गाडी सावकाश चालव, रस्ता निसरडा आहे."

ती गेल्यावर मी गुंडूला बाजूला घेऊन म्हटलं, "फोन करून सांग की तिला गुपचूप, नको झोपू म्हणून." तो म्हणाला, "सांगू की. मग ती परत चुलीजवळ. सासू इचारनार, का गं? निशीला खोटं बोलाय येत न्हाय, शेठ. त्ये मला बी येत न्हवतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाकड्यावर बसला होता आणि त्याचा फोन वाजला. निशिगंधा होती. फोन मोठ्या आवाजावर, मला सगळं ऐकू येत होतं. मागं पत्र्यावर धो धो चाललेलं, त्यातून ओरडून बोलत होती.

"आप्पा, रात्री मधल्या खोलीत झोपलो सगळी. पोरगी एकदाबी खोकली न्हाय. तीन वर्सांनी गाढ झोप लागली बघा. सकाळी आत्तींनीच चहा दिला मला." तिला हसू आवरेना. "पाऊस लई हाय, वारं बी सुटलंय. पन आता भ्या वाटत न्हाय."

"बरं झालं, बाळा," गुंडू म्हणाला.

ती अजून बोलत होती, हॅलो हॅलो म्हणत होती. गुंडूला फोन बंद करता येईना. शेवटी मीच त्याच्या हातातून तो काढून घेतला आणि बंद केला.